उजव्या बाजूची खुर्ची

मगदूम बाईंचा आवाज जिन्याखालच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत यायचा. आपण पहिल्या पायरीवर असू, तोवर वर बसलेल्या कुणाची तरी वर्षाची कमाई आपल्याला कळलेली असायची. "हळदीच्या दलालीचे एवढेच? गेल्या साली जास्त होते की. लपवताय का बुडाले?" असं त्या विचारत, आणि जिन्यावर नंबर धरून बसलेली माणसं एकमेकांकडं न बघता आपापल्या पिशवीत बघत.

सांगलीत, विश्रामबागला त्यांचं ऑफिस होतं. लोकांची आयकराची रिटर्नं भरून द्यायचं काम. पाटीवर कर सल्लागार लिहिलेलं, पण येणारे त्यांना वकीलबाई म्हणत, कुणी मॅडम. मी नुसतं बाई म्हणायचे, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. माझी शाळा चौथीत सुटली. तेव्हापासून असं कुणाला म्हणायची वेळ आली नव्हती.

बाई ठेंगण्या होत्या. पांढऱ्या केसांचा घट्ट आंबाडा, सुती पातळ, खांद्याला पिन, चष्म्याला काळी दोरी. लहानपणी तापात त्यांचा डावा कान गेला होता. म्हणून येणाऱ्याची खुर्ची टेबलाच्या पलीकडं नसायची, त्यांच्या उजव्या हाताला अगदी लागून असायची. समोर बसलेलं माणूस टेबलाशी बोलतं, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतः मात्र बहिऱ्या माणसासारख्या मोठ्यानं बोलत. त्या खुर्चीत बसायची मला फार लाज वाटायची. अजून ती खुर्ची आठवली की कान तापतात.

मी वाकळा शिवते. जुन्या लुगड्यांचे थर लावून हातानं टाके घालायचे, त्या गोधडीला आमच्याकडं वाकळ म्हणतात. आमचं गाव शिराळ्याजवळ. घरचा ऊस आहे, घरातली माणसं पलटणीत गेलेली. अशा घरातल्या बाईनं स्वतःच्या पोरांसाठी वाकळ शिवली तर कुणी काही म्हणत नाही. दुसऱ्याची शिवायला बसली, की घरात काही उरलं नाही असा अर्थ होतो. माझ्या हातचं पुण्याच्या एका दुकानाला आवडलं आणि मागणी वाढत गेली. मग मी गल्लीतल्या बायकांना हाताशी घेतलं. पैसे बँकेत येत, आणि येताना दुकान त्यातला थोडा कर कापून घेई. रिटर्न भरलं तर कापलेलं परत मिळतं, असं दुकानानं फोनवर सांगितलं. म्हणून आम्ही पहिल्यांदा सांगलीला गेलो.

आमचे हे पलटणीतून निवृत्त झालेले. पेठ नाक्यावर बस बदलली तेव्हा ह्यांनी मला सांगितलं की तू काही बोलू नको, मी बघतो. मला ते बरंच वाटलं.

ह्यांनी बाईंना सांगितलं, "मॅडम, बायकोच्या खात्यावर जरा पैसे आल्यात. ते तेवढे उसात धरा. आमच्याकडं सगळं उसातच धरत्यात."

हे खोटं बोलत नव्हते. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, एवढं आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाची पिठाची गिरणी असते, कुणाचा भाड्यानं फिरणारा ट्रॅक्टर, कुणाच्या गाळ्यांचं भाडं. कागदावर सगळ्याचा ऊस होतो. त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही येत नाही.

बाईंनी ह्यांच्याकडं बघितलंच नाही. मान वळवून मला विचारलं, "तुम्ही काय करता?"

"काय न्हाई. घरीच असते."

"मग पुण्याचं दुकान पैसे कशाचे देतंय? घरी असल्याचे?"

जिन्यावर कुणीतरी हसलं. ह्यांनी मग वाकळांचं सांगितलं, जरा आवाज बारीक करून. बाईंनी पेनाला टोपण लावलं. "असं व्हय. तुमच्याकडं ऊस वाकळा शिवतो. आमच्या आष्ट्याकडं अजून शिवायला लागला नाही." मग मला म्हणाल्या, "सही तुमची लागणार. तुमच्या तोंडून आल्याबिगर मी एक आकडा टाकणार नाही. बोला की, घाई नाही."

मी बोलले ते टेबलाच्या कडेला बघून. त्यांनी मोठ्यानं बोला म्हणून सांगितलं. मी पुन्हा बोलले. बाकावर इस्त्रीच्या शर्टातला एक प्राध्यापक होता, त्याच्या शेजारी सोन्याच्या बांगड्या घातलेली एक डॉक्टरीण. लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवते, हे त्या दोघांच्या देखत मला सांगावं लागलं.

त्याहून वाईट पुढं झालं. बँकेच्या पासबुकावरून बाईंनी बेरीज केली, खर्च वजा घातला आणि उरलं ते मोठ्यानं वाचलं. तो आकडा ह्यांच्या पेन्शनच्या वर होता. आम्हा दोघांनाही ते तोवर माहीत नव्हतं, कारण पैसे येत तसे घरात जात. हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले. मी ह्यांना चारचौघांत काहीतरी टाकून बोलल्यासारखं मला वाटलं. बाईंच्या ते ध्यानात आलं की नाही, मला सांगता येणार नाही. अशा बाबतीत त्यांचं चुकायचंच. खरा आकडा हळू वाचला तरी खराच राहतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तर ऐकू गेलं नसतं.

परतीच्या बसमध्ये ह्यांनी तिकिटं खिशात घातली, माझ्या हातांकडं बघितलं. मग म्हणाले, "बोटं लय दुखत असतील तुझी."

बायकांकडं बाई बिलं मागत नसत. "वर्ष सांगा," म्हणत. "गेल्या पाडव्यापासून धरा आणि शिमग्यापर्यंत या." सरकारचं वर्ष साधारण तेवढंच पडतं. मग बायका वर्ष सांगत. कोण बाळंत झाली, कुणाची म्हैस आटली, कधी पाहुणे आले. बाई त्यातलं आपल्याला हवं ते वेचून घेत. श्रावणात पैसे कमी का आले, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं की आमच्याकडं नागपंचमी मोठी, त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, सुई धरायची नाही, आणि घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, त्यामुळं तो आठवडाच जातो.

"मग त्या आठवड्यात बायकांना काही दिलं नाही?"

मी म्हटलं, दिलं की. सणाला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं.

"ते खर्चात येतं," असं म्हणून त्यांनी लिहून घेतलं. दोरा, सुया, कात्री, बसभाडं, बायकांचा चहा, सगळं असं गोष्टीतनं निघालं. पुतणीच्या लग्नात दिलेली वाकळ मी त्यात सांगायला लागले, तेव्हा त्यांनी हात वर केला. "ती विकलेली नाही. ती इथं धरायची नाही. ती तुमच्या मनात धरा."

खरं तर विक्रीवर ठरावीक टक्केवारीनं नफा धरून रिटर्न चटकन भरून होतं. इतर लोक तसंच करून देत. बाई म्हणत की उद्या कुणी विचारलं तर टक्केवारी बायकांच्या तोंडातनं निघत नाही, आपलं वर्ष मात्र निघतं.

त्या जैन होत्या आणि दिवस मावळायच्या आत जेवायच्या. ऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर गेलं की मध्येच उठत, मग कुणाचंही काम असो. जुलैअखेरच्या गर्दीत एक कंत्राटदार त्यांच्यावर ओरडला की आमचं एवढं संपवून जेवा, उद्या दंड बसेल. बाई डबा उघडत म्हणाल्या, "आयकर खातं थांबतंय एखाद वेळी. सूर्य नाही थांबत." खुर्ची खिडकीकडं फिरवून, सगळ्यांकडं पाठ करून त्या जेवल्या. कंत्राटदार बसून राहिला.

दुसऱ्या वर्षी मी त्यांच्यासाठी भाकरी आणि लसणाची चटणी नेली होती. त्यांनी चटणी कागदासकट बाजूला ठेवली आणि कोरडी भाकरी खाल्ली. भाकरी चांगली झालीय म्हणाल्या, बाकी काही नाही. त्यांच्यात लसूण चालत नाही, हे मला खाली झेरॉक्सवालीनं सांगितलं. बस शिराळ्याला पोचेपर्यंत मला तो चटणीचा कागदच दिसत होता.

एवढी लाज वाटत असताना मी दर वर्षी का जात होते, ते सांगायला पाहिजे. आमच्या पडवीत बायका शिवायला बसत. एका बाजूला शेरडं, वरून पाणी गळायचं, आणि पांढऱ्या लुगड्यावर डाग पडला की दुकान वाकळ परत पाठवायचं. मला घरालगत पत्र्याची शेड घालायची होती. बँकेचा साहेब म्हणाला की कर्ज मिळेल, पण तीन वर्षांची रिटर्नं दाखवा, तुमच्या नावाची, तुमच्या कामाची. ह्यांच्या पेन्शनवर आधीच विहिरीचं कर्ज होतं. म्हणजे शेड व्हायची तर ती त्या खुर्चीतूनच होणार होती.

आणि त्यात आबांचा फोन होता. आबा म्हणजे माझे थोरले दीर. रिटर्न भरून झालं की शेवटी मोबाइलवर एक नंबर येतो, तो टाकला तरच ते पक्कं होतं. आधार कार्डाला जो मोबाइल जोडलेला असेल त्याच्यावर तो येतो. गावात आधारची माणसं आली होती तेव्हा आमच्या घरात एकच मोबाइल होता, आबांचा. म्हणून पोराबाळांसकट सगळ्या घराच्या कार्डाला त्यांचाच नंबर. आमच्या गावात बहुतेक घरांचं असंच आहे. पहिली दोन वर्षं ह्यांनी सांगलीतून आबांना फोन केला, कार्डाचं काहीतरी आहे म्हणून सांगितलं, आणि आबांनी नंबर वाचून दाखवला. बाईंनी मला तेव्हाच बजावलं होतं की शिराळ्यात जाऊन नंबर बदलून घ्या. मी घेतला नाही. घरातल्या कर्त्या माणसाचा नंबर काढून आपला घालायचा, म्हणजे वेगळी चूल मांडल्यासारखं होतं ते. आबांनी आमचं लग्न लावून दिलं. हे सीमेवर असताना माझ्या बाळंतपणाला गाडी करून तेच घेऊन गेले होते.

तिसऱ्या वर्षी बँकेचा माणूस जागा बघायला गावात आला. डेअरीपाशी चार माणसं बसली होती. त्यानं माझं पूर्ण नाव घेतलं आणि वाकळ उद्योग करणाऱ्या बाई कुठं राहतात म्हणून विचारलं. त्या चार माणसांत आबा होते.

मी शिवते हे त्यांना माहीत होतंच, रोज दिसत होतं. पण बायकांचा रिकामा उद्योग वेगळा आणि डेअरीपाशी सुनेचं नाव विचारत आलेला बँकेचा माणूस वेगळा.  जुलैत ह्यांनी फोनवर नंबर येईल म्हणून सांगितलं, तेव्हा आबा म्हणाले, "मीच येतो सांगलीला. कसलं कार्ड हाय ते बघू तरी."

त्या दिवशी जिन्यावर आवाज नव्हता. ऑफिस बंद आहे असं वाटलं आणि, देवाशपथ, मला हायसं झालं. पण माणसं बसलेली होती. वर बाई खुर्चीत होत्या, गळ्याला पांढरी पट्टी. घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरनं बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. टेबलावर पुठ्ठ्याची पाटी होती. बोलणे बंद, ऐकणे चालू.

आबा सरळ जाऊन उजव्या बाजूच्या खुर्चीत बसले. बाईंनी टेबलावर टिचकी मारली, त्यांना उठा म्हणून खुणावलं आणि मला तिथं बसायला सांगितलं. भर खोलीत माझ्यासाठी आबांना उठावं लागलं. मी खुर्चीच्या कडेवर टेकले.

बाईंनी झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि कागद माझ्याकडं सरकवला. तुम्ही काय करता?

आबांनी खांद्यावरनं वाचलं. "ती काय करणार? घरीच असती. खाऊन पिऊन सुखी हाय. गृहिणी लिवा." बाईंनी पेन उचललं नाही. तसे आबा जरा पुढं झाले. "आवं वकीलबाई, आमच्या घरातली माणसं देशासाठी पलटणीत गेली. आमचा ऊस कारखान्याला जातो. आणि घरची सून लोकांच्या चिंध्या शिवती, हे सरकारला लिवून द्यायचं? जे काय आलंय ते माझ्या उसात धरा. कर बसला तर मी भरतो."

ते रागानं बोलत नव्हते. विनवणी केल्यासारखे बोलत होते, आणि कर मी भरतो म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज कापला. ह्यांनी मान खाली घातली होती. मला आबांची लाज वाटली, ह्यांची वाटली, आणि ही सगळी माझ्यामुळं इथं उभी आहेत याची सगळ्यात जास्त वाटली. उठून निघून जावं असं वाटलं. शेडचं काय, पावसाळे तर असेच गेले होते.

बाई माझ्याकडं बघत होत्या.

"वाकळा शिवते," मी म्हटलं.

त्यांनी तळहात कानामागं धरला. मी पुन्हा म्हटलं. त्यांचा हात तसाच. तिसऱ्यांदा काय झालं मला कळलं नाही, शेतात हाक मारतात तसा माझा आवाज निघाला. "वाकळा शिवते मी. लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या. गल्लीतल्या बायका हायत माझ्या हाताखाली. उसाचं काय न्हाई त्यात."

खाली झेरॉक्सचं मशीन बंद पडल्यासारखं झालं. या वेळी कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. बाईंनी हात खाली घेतला आणि काम सुरू केलं. त्यांनी वर्ष विचारायला बोटानं हवेत एक गोल काढला. मी पाडव्यापासून शिमग्यापर्यंत सांगितलं. सगळं संपल्यावर आबांच्या खिशात फोन वाजला.

आबांनी फोन बाहेर काढला. लांब धरून बघत राहिले. तो नंबर थोड्याच वेळात बाद होतो, हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी फोन टेबलावर माझ्यासमोर उताणा ठेवला. "आटपा लवकर. बस चुकंल," एवढं म्हणून जिना उतरून गेले.

ह्यांनी फोनला हात घातला. बाईंनी ह्यांच्या मनगटावर पेन टेकवलं आणि माझ्याकडं बोट केलं. मी एकेक आकडा वाचला. तेवढं चौथीपर्यंत शिकवलेलं असतं.

बसमध्ये आबा पुढच्या सीटवर बसले. पेठ नाक्यावर त्यांनी चहा घेतला आणि माझा कप ह्यांच्या हातानं पाठवला. पुढं शेड झाली. शिराळ्याला जाऊन मी नंबरही बदलून घेतला.  कुणी विचारत आलं की आबा हातानं शेड दाखवतात, नाव घेत नाहीत. बायका म्हणतात की तू जिंकलीस. मला तसं कधी वाटलं नाही. थोरल्या दिरासमोर, परक्या माणसांत आवाज चढवला, हे शेडमध्ये बसून टाके घालतानाही मधेच आठवतं आणि सुई थांबते.

दिवाळीच्या आधी बाईंचा निरोप आला. ऑफिस बंद करून त्या बेळगावला लेकीकडं राहायला चालल्या होत्या. ऑफिसला नेसायची पातळं आता नकोत, त्यांची वाकळ करून द्या, असा निरोप होता. त्या पातळांच्या खांद्यावर पिनेची बारीक भोकं होती. ती मी झाकली नाहीत, वरच्याच थरात येऊ दिली.

वाकळ द्यायला मी एकटीच गेले. ऑफिसच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. त्यांच्या सुनेनं दार उघडलं. ऊन उतरलं होतं आणि बाई खिडकीशी बसून जेवत होत्या. आवाज परत आलेला नव्हता, आता येणार नाही असं सून म्हणाली. शेजारच्या स्टुलावर मी बसले आणि वाकळ त्यांच्या गुडघ्यांवर पसरली. त्यांनी हात धुतला, पुसला, आणि टाक्यांवरनं बोट फिरवत राहिल्या. पिनेच्या भोकांपाशी बोट थांबलं. मग अंगठा बोटावर घासून विचारलं, किती.

मी घरून ठरवून आले होते. म्हटलं, तुमच्याकडनं कसले पैसे घ्यायचे बाई. त्यांच्या कपाळावर ऑफिसातली आठी आली. मी घाईघाईनं एक भाव सांगितला, पडता. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग पुण्याच्या दुकानाला लावते तो सांगितला, हळूच. त्यांनी तळहात कानामागं धरला. आपण माणसाकडनं काय घेतलंय आणि त्याच माणसाला भाव सांगतोय, याची फार लाज वाटत होती. तरी मोठ्यानं सांगितला. स्वयंपाकघरातनं सून ओल्या हातानं बाहेर येऊन बघायला लागली.

बाईंनी पैसे मोजून माझ्या हातात ठेवले आणि खिडकीबाहेर बोट केलं. दिवस मावळतोय, निघा.

फाटकापाशी आले आणि मला ते स्टूल दिसलं, म्हणजे डोळ्यांपुढं आलं. ते त्यांच्या उजव्या बाजूला होतं. ऑफिसातली खुर्चीही उजव्याच बाजूला होती. चांगल्या कानाशी. दोन्ही वेळा मी पहिल्यांदा हळू बोलले, तेव्हाच त्यांना ऐकू गेलं होतं.

मी मागं वळून बघितलं. बाई खिडकीत होत्या. वाकळ आता खांद्यावर ओढून घेतलेली, आणि हात पुन्हा कानामागं. रस्त्यावर माणसं होती, भाजीची गाडी उभी होती. "येते बाई," मी मोठ्यानं म्हटलं. भाजीवाल्यानं वळून बघितलं. मी पदर तोंडाशी धरला आणि स्टँडच्या वाटेला लागले.